पाणी तेच, वेळ निराळी

आधी आवाज जातात. शरणपूर रोडवरचे हॉर्न, सिग्नलला उभ्या बसचे घुरघुरणे, चहाच्या गाड्यावरचे गाणे. मग दुकानांच्या पाट्या जातात, विजेचे खांब जातात, पायांखालचे डांबर जाते. तुम्ही नाशिकातच आहात, जागेवरून हललेला नाहीत. फक्त साल १८६५ आहे, पावसाळा नुकताच सरला आहे आणि चपलांना काळी माती चिकटते आहे.

समोर मिशनच्या कौलारू इमारती. एका पडवीत रंधा चालतो आहे, पलीकडे लोहाराचा भाता. लाकूड तासणारा मुलगा मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि मराठी-हिंदुस्थानी मिसळलेल्या बोलीत विचारतो, कोणाकडे आलात? त्याचा जन्म गोदावरीकाठचा नाही. पूर्व आफ्रिकेतल्या त्याच्या गावावर धाड पडली, गुलाम म्हणून त्याला अरबी गलबतात कोंबले, ब्रिटिश आरमाराने ते गलबत अडवले आणि सुटका झालेली पोरे मुंबईला उतरवली. तिथून तो इथे आला. शरणपूरची ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात उभी केली. इथे अनाथ मराठी मुले आहेत, बाप्तिस्मा घेतल्यामुळे घराबाहेर पडावे लागलेली माणसे आहेत आणि ही आफ्रिकन मुले आहेत. सगळी एकाच बाकावर बसतात.

रविवारी त्यांच्याबरोबर उपासनेला बसा. ही इंग्लंडच्या चर्चची मंडळी आहे. प्रार्थना छापील पुस्तकातली. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होतो, डोक्यावर पाणी घालून. ती मुले मोठी झाली की बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतात. तुम्हाला वाटेल, ख्रिस्ती म्हणजे हेच. पण बैलगाडी जुंपा आणि नगरला जा. तिथे अमेरिकन मराठी मिशन आहे, काँग्रिगेशनल. बिशप नाही, छापील प्रार्थनेचा आग्रह नाही, मंडळी आपला पाळक आपण निवडते. तशीच गाडी जालन्याकडे वळवा. तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री आहेत, प्रेस्बिटेरियन पद्धतीचे, कारभार वडीलमंडळाकडे.

मराठवाड्याच्या सीमेवरच्या एखाद्या खेड्यातला माणूस ख्रिस्ती झाला, तर तो अँग्लिकन होईल, काँग्रिगेशनल होईल की प्रेस्बिटेरियन? ज्या मिशनच्या हद्दीत त्याचे शेत आहे, त्या पंथाचा होईल. त्याने बिशपपदाचा अभ्यास करून कौल दिलेला नसतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भांडणांत त्याचा कोणी पूर्वज नव्हता. तरी त्याच्या नातवाला पुढे कोणी विचारले, तू कोण, तर तो अभिमानाने सांगेल, आम्ही नाशिककडचे, किंवा आम्ही अमेरिकन मिशनचे. मला या गोष्टीचे नेहमी वाईट वाटत आले आहे, आणि आशाही इथेच वाटते. जो भेद तालुक्याने दिला, तो तालुका ओलांडल्यावर सुटायला हवा. काही ठिकाणी तो सुटला, काही ठिकाणी घट्ट झाला. १८७० च्या दशकात एस.पी.जी. ही दुसरी अँग्लिकन संस्था नगर जिल्ह्यात उतरली, तेव्हा एका शिवारात दोन मिशने झाली आणि माणसे कोणाची यावरून कटुता आली.

पण आत्ता त्या रंधेवाल्या मुलाला सोडू नका. याच १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला आहे. त्याला आफ्रिकेच्या पोटात पुन्हा शिरायचे आहे आणि तिथली भाषा जाणणारी माणसे हवी आहेत. शरणपूरच्या शाळेतले नऊ जण त्याच्याबरोबर निघतील. काही वर्षांनी त्याच्या मदतीला आणखी एक तुकडी जाईल, तिच्यातही इथलेच विद्यार्थी असतील. त्यांपैकी एकाचे नाव जेकब वेनराइट, जन्माने याओ.

आता क्षणभर नाशिक सोडा. मे १८७३, आजच्या झांबियातले चितांबो या सरदाराचे गाव. लिव्हिंग्स्टन वारला आहे. सुसी, चुमा आणि बाकीचे सोबती ठरवतात की देह समुद्रापर्यंत न्यायचा. वाट कित्येक महिन्यांची आहे, म्हणून देह वाळवून घ्यावा लागतो, आणि हृदय तिथेच एका झाडाखाली पुरतात. तुम्ही त्या घोळक्यात मागे उभे आहात. पुस्तक उघडून दफनविधीची प्रार्थना वाचतो आहे तो जेकब वेनराइट, नाशिकचा विद्यार्थी. मग तोच झाडाच्या सालीवर मृताचे नाव कोरतो.

तुम्ही उभे आहात तिथून जरा नीट बघा, कोण कोण आहे ते. ज्याचे हृदय पुरले, तो स्कॉटिश, काँग्रिगेशनल परंपरेत वाढलेला. जो प्रार्थना वाचतो, तो अँग्लिकन शाळेत शिकलेला आफ्रिकन. शेजारी चुमा, जो मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला, म्हणजे फ्री चर्चच्या छायेत. वाचणारा दीक्षित पाळक नाही. लंडनमध्ये किंवा एडिंबरोमध्ये यातल्या प्रत्येक मुद्द्यावर हरकत घेता आली असती: कोणाची प्रार्थना, कोणत्या पुस्तकातून, कोणाच्या अधिकाराने. इथे हरकत घेणारे कोणी नाही. सगळ्यांना एवढे पक्के ठाऊक आहे की हा माणूस ख्रिस्ताचा होता, आणि त्याला प्रार्थनेविना मातीत ठेवायचे नाही. पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १८७४ ला, वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनची शवपेटी नेली जाईल तेव्हा तिला हात लावणाऱ्यांत जेकब असेल. नाशिकातल्या किती जणांना हे माहीत आहे?

परत या. पण शरणपूरला नको, नगरला. शतक पालटते आहे. एका घरात दोन चुली आहेत. लक्ष्मीबाई टिळक, माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचे सोवळे असे कडक की सगळे घर त्याखाली दबलेले. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाला आणि ही बाई काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली. आता ती परत आली आहे, पण तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी तिच्या सोवळ्यावर जबरदस्ती केली नाही.

ओसरीवर बसा आणि घर बघा. एक जण कोणाच्याही हातचे खातो, दुसरी खात नाही. दोघे एकाच छपराखाली नांदतात. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात नेमकी अशीच मंडळी आहे. कोणी सर्व काही खातो, कोणी भाजीपालाच. कोणी एक दिवस पवित्र मानतो, कोणाला सगळे दिवस सारखे. पौल दोघांपैकी कोणालाच हाकलून देत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, कारण दोघांनाही देवाने जवळ केले आहे, असे त्याचे म्हणणे. युरोपातल्या वाचकाला हा अध्याय जुन्या काळचा वाटत असेल. मराठी घरात तो कालपरवाचा आहे.

लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले ते आपल्या विचाराने आणि आपल्या वेळी. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो कोणी घाईने उरकला असता, तर मराठीला त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा मिळाली असती का, मला शंका वाटते. ज्या घरात वाट पाहायची पद्धत होती, त्या घरातून ते पुस्तक आले.

टिळक १९०४ मध्ये पाळक झाले, अमेरिकन मिशनच्या मंडळीत. पण त्यांची गाणी मिशनची हद्द पाळत नाहीत. टाळ-मृदंगावर बसणारी, अभंगाच्या वळणाची भजने त्यांनी लिहिली. ती नगरहून नाशिकला आली, जालन्याला गेली, कोकणात उतरली. बिशप असलेल्या मंडळीने गायिली, नसलेल्यांनीही गायिली. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत बसून ‘उपासना संगीत’ उघडा, टिळक भेटतातच. ऐक्याच्या योजना कमिट्यांमध्ये लिहिल्या जायच्या कितीतरी आधी एका वहीत हे ऐक्य होऊन गेले होते, असे मी मानतो, आणि त्या वहीला मी कोणत्याही ठरावापेक्षा कमी लेखणार नाही.

टिळक तिथेच थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. इथे मात्र थबकायला हवे. सोवळे, टाळ, बिशप यांना दुय्यम म्हणता येते. बाप्तिस्मासुद्धा दुय्यम म्हणायचा का? जवळजवळ सगळ्या मंडळ्यांत बाप्तिस्मा हा गाभ्याच्या जवळचा विषय. टिळक १९१९ मध्ये वारले आणि तो प्रयोग त्यांच्याबरोबरच विरला, पण प्रश्न त्यांनी उघड्यावर ठेवला: रेघ कुठे ओढायची, आणि ती ओढायचा अधिकार कोणाचा?

साल १९३४, पुन्हा नाशिक. लक्ष्मीबाई आता इथे राहतात. मुलगा देवदत्त ‘संजीवनी’ काढतो आणि आईच्या आठवणी त्यात येत आहेत. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग याच वर्षी पुस्तकरूपाने बाहेर पडतो. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही याच बाई पुढे नेत आहेत. गावात १९२९ पासून अँग्लिकन बिशप आहेत, फिलिप लॉइड. नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हाचे पहिले. एका गावात अँग्लिकन बिशप आणि काँग्रिगेशनल पाळकाची ही विधवा. पंथांच्या नकाशावर दोघांचे प्रदेश वेगळे. पण रविवारी चर्चच्या दाराशी उभे राहून आतला आवाज ऐका. आत टिळकांचे भजन चालू आहे. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये नाशिकलाच वारल्या.

आता एक लांब उडी. नोव्हेंबर १९७०, नाशिक रोड स्टेशन, नागपूरकडे जाणारी रात्रीची गाडी. डब्यात तुमच्या समोर नगरकडचे एक निवृत्त गुरुजी आहेत आणि खिडकीशी शरणपूरच्या एक आजी. दोघेही एकाच सोहळ्याला निघालेत. उद्या, रविवार २९ नोव्हेंबरला, सहा चर्चेस मिळून एक चर्च होणार आहे. १९२९ पासून म्हणजे एक्केचाळीस वर्षे बोलणी चालली. दक्षिणेत हे १९४७ मध्येच झाले. इथे उशीर झाला, त्याचे एक कारण म्हणजे इथे बाप्टिस्ट आणि ब्रेदरनही आहेत.

गुरुजी आपले कांबळे गुडघ्यावर ओढतात आणि म्हणतात, “आमच्याकडं बिशप कधी नव्हता, बाई. आता येणार.”

“आमच्याकडं पहिल्यापासून आहे, गुरुजी. जवळचं माणूस असतं ते.”

“असेल. त्याची भीती नाही. पण उद्या पाळकांच्या डोक्यावर हात ठेवताना कुणी म्हणालं, तुमच्या आजवरच्या पाळकांची दीक्षा खरी नव्हती, आता खरी करून देतो, तर? माझ्या बापाला ज्यानं मातीत ठेवलं, तो पाळक नव्हता काय?”

आजी लगेच उत्तर देत नाहीत. गाडी मनमाड सोडते. मग त्या म्हणतात, “आणि हातच ठेवले नाहीत, तर आमच्या लोकांना वाटणार, आमच्या बिशपाला काही अर्थच नव्हता.”

गुरुजींच्या आणि आजींच्या या दोन वाक्यांवर जगभरच्या धर्मपंडितांनी वर्षानुवर्षे कागद खर्च केले आहेत. नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात तुम्ही गर्दीत उभे राहता तेव्हा त्याचे उत्तर डोळ्यांनी दिसते. सहाही चर्चेसचे प्रतिनिधी आहेत: अँग्लिकन, १९२४ पासून एकत्र असलेल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींचे युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, डिसायपल्स. पाळक एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवतात. प्रार्थनेत कोणाकडे काय कमी होते हे सांगितले जात नाही. ज्याला ज्या देणगीची गरज आहे ती देवाने त्याला द्यावी, असे मागितले जाते. बिशपाने पाळकाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बिशप नसलेल्या मंडळीतल्या पाळकानेही बिशपाच्या डोक्यावर ठेवला. काही जणांनी त्या काळी याला धूसर म्हटले. माणसाला जे मोजता येत नाही ते मोजायचे सोडून देणे याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. गुरुजींच्या बापाला मूठमाती देणारा पाळक या प्रार्थनेत खोटा ठरत नाही.

पण सगळ्यात अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. शरणपूरच्या आजींचे सगळे नातेवाईक तान्हेपणी बाप्तिस्मा घेतलेले. देवाची कृपा आपण कळते होण्याआधीच आपल्यापर्यंत येते, ही त्यामागची श्रद्धा. बाप्टिस्टांचे म्हणणे, विश्वास ज्याचा त्याने कबूल करायचा असतो, म्हणून बाप्तिस्मा कळत्या वयातच, आणि पाण्यात बुडवून. ब्रेदरन, जे डहाणूच्या आणि गुजरातच्या पट्ट्यात आहेत, तीन वेळा बुडवतात आणि प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात. ही निव्वळ पद्धत नाही. प्रत्येकाच्या पद्धतीमागे बायबलचे एक गंभीर वाचन आहे. तालुक्याने दिलेला भेद सोडणे सोपे. सद्सद्विवेकाने धरलेला भेद सोडायला सांगता येत नाही.

मग त्यांनी तो सोडायला सांगितला नाही. नव्या चर्चने दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. ज्या आईबापांना बाळाचा बाप्तिस्मा हवा, त्यांनी करावा; ज्यांना थांबायचे आहे, त्यांनी बाळ देवाला अर्पण करून त्याच्या कळत्या वयाची वाट पाहावी. कळत्या वयात त्याने बाप्तिस्मा घेतला तरी त्याचे सभासदत्व इतरांइतकेच पूर्ण. आणि ज्या पाळकाला सद्सद्विवेकापोटी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणे शक्य नाही, त्याच्यावर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे. माझ्या मते सगळ्या योजनेचे मोठेपण या एका कलमात आहे. चर्चच्या इतिहासात बाप्तिस्म्यावरून माणसे बुडवून मारली गेली आहेत, झुरिकच्या नदीत, सोळाव्या शतकात. त्याच वादातल्या दोन्ही बाजू इथे एका सभासद-नोंदवहीत आल्या, आणि वाद मिटल्याचा दावाही कोणी केला नाही.

मांडवात काही जागा रिकाम्या आहेत, त्या पाहिल्याशिवाय परतू नका. अमेरिकन परंपरेचे मोठे मेथॉडिस्ट चर्च, ज्याच्या मंडळ्या मुंबई-पुण्यात आहेत, शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. इतकी वर्षे बोलणीत बरोबर बसलेली माणसे आज नाहीत, आणि हे आजही सलते. रोमन कॅथलिकांना तर या योजनेत बोलावणेच नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये इतर चर्चेसकडे भाऊ म्हणून पाहण्याचे दार उघडले. पुढे १९८७ मध्ये नाशिक हा कॅथलिक धर्मप्रांतही झाला. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत अँग्लिकन वळणाच्या घरातल्या बायाही मेणबत्ती लावतात. पण प्रभुभोजनाचे ताट अजून एक नाही. तिथला भेद दुय्यम म्हणून मोडीत काढता येत नाही, आणि तसे भासवणे खोटेपणाचे होईल.

एक मुक्काम उरला. १९७१, पुन्हा नाशिक. या वेळी तुम्ही प्रवासी नाही, पाळक आहात. समजा, तुमचा जन्म डहाणूकडच्या ब्रेदरन घरातला. पंधराव्या वर्षी तुम्ही स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला आणि तीनदा पाण्याखाली गेलात. तो दिवस तुमच्या आयुष्याचा कणा आहे. आता चर्च एक झाले आणि तुमची बदली अँग्लिकन वळणाच्या मंडळीत झाली.

संध्याकाळी एक आजी येतात. कडेवर सहा आठवड्यांचा नातू. “पाळकसाहेब, जय ख्रिस्त. येत्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा करायचाय.”

तुम्ही त्यांना बसवता, पाणी देता. तुमच्या मनात काय चालले आहे ते त्यांना कळते, कारण मंडळीत तुमच्याविषयी आधीच बोलणे झालेले आहे. “तुम्ही नाही करणार ना?”

“माझ्या हातून होणार नाही, आजी. माझा विश्वास तसा नाही, आणि खोटेपणानं मी पाण्याला हात लावणार नाही.”

“मग आमचं पोर तसंच ठेवायचं?”

“नाही. मी मनमाडच्या पाळकसाहेबांना पत्र टाकतो. ते येतील.”

ते येतात. रविवारी चर्च भरलेले असते. विधी त्यांचा, पण उपासना तुमची. तुम्ही पहिल्या बाकाशेजारी उभे राहता. बाळाच्या डोक्यावर पाणी पडते, ते रडते. पुढचे भजन तुम्ही सुरू करता, टिळकांचे, आणि मंडळी उचलून धरते. त्या क्षणी तुमचे मत बदललेले नसते. आजींचेही बदललेले नसते.

उपासनेनंतर तुम्ही कपाटातून नोंदवही काढता. बाळाचे नाव, आईबापांचे नाव, तारीख, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचे नाव. अक्षर तुमचे आहे. आजी चष्मा लावून ओळ तपासतात, बोट ठेवून, आणि विचारतात, “हा मोठा झाला की बायबलच्या वर्गाला कोणाकडं यायचं? मनमाडला?”

“माझ्याकडं,” तुम्ही सांगता. “शनिवारी चारला. आणि येताना तुम्हीही या.”